वाचनालयाच्या भिंतीतली गोधडी

जळगावला नवं वाचनालय झालं, त्याची पुढची भिंत माझ्या गोधडीवरून बांधली आहे. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

असोद्याला आमच्या दारात गोधडी वाळत होती. बांधकामाच्या इंजिनीअरबाई गावोगाव गोधड्या बघत फिरत होत्या. त्यांनी आमची उलटीपालटी करून पाहिली. "नमुना म्हणून नेऊ? भिंतीच्या विटा अशाच बसवायच्यात."

माझी लेक नववीत तापानं गेली. तिच्या फ्रॉकांची ती गोधडी. एवढंच सांगायचं होतं, आणि परत द्या म्हणायचं होतं. पण परक्या माणसासमोर माझा शब्द फुटत नाही. ओट्यावरून आमचे मालकच म्हणाले, "न्या की. जुनीच तर आहे."

बाई पुन्हा आल्या नाहीत. मी दोनदा बसनं जळगावला गेले, पत्र्याच्या कुंपणाबाहेर उभी राहिले आणि तशीच परतले. तिसऱ्यांदा आत शिरले.

भिंत उभी राहिली होती. एक वीट बाहेर, एक आत, कडेपासून मध्याकडे फिरत गेलेल्या, माझ्या टाक्यांसारख्या. एका कोपऱ्यात निळी फरशी. तिथं माझी गोधडी चुलीच्या ठिणगीनं जळाली होती आणि मी लेकीच्या शाळेच्या स्कर्टचं ठिगळ लावलं होतं. त्यांनी ठिगळही सोडलं नव्हतं. मी त्या फरशीवर हात ठेवला. ती उन्हानं तापली होती.

भिंतीवर पाणी मारणाऱ्या मजुराला मी गोधडीचं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसाशी आपणहून बोलले.

"ती तुमनी व्हती का, अक्का?" त्यानं पाइप खाली ठेवला. "बाई फोटो काढीसन गयात. स्लॅब वल्ला ठेवाले बारदान कमी पडनं. जुनी शे म्हनीसन आंथरी दिन्ही. इतला दिन कोठे व्हतात तुम्ही?"

मागच्या गोणपाटांच्या ढिगातून त्यानं ती ओढून काढली. पत्र्यासारखी ताठ. घडी घालायला गेले तर मोडली. निळ्या ठिगळाचा कोपरा तेवढा हातात आला.

"घर जाईसन भिजाडू," मी म्हणाले.

तो खाली बघत म्हणाला, "सिमेंट शे, अक्का. पानीखाल आखो कडक व्हई."

कोपरा न्हाणीत बादलीत आहे. रोज सकाळी मी पाणी बदलते. त्यानं सांगितलेलं मला कळलं आहे. पण बाहेर काढून ठेवायचा तरी कुठं?