गोधडीची मजुरी

आई गेल्यावर तिच्या सहा सुती साड्या मी गोधडी शिवायला दिल्या. शिवणाऱ्या शांतामावशी बाजारामागे एका खोलीत राहायच्या. मशीनवर आठशे, हाताने अडीच हजार, असं त्यांनी सांगितलं.

"मशीनवरच शिवा, आणि सहाशे करा," मी सवयीनं म्हणाले. त्या "बरं" म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी गोधडी आणायला गेले. घडी उलगडली, तर सगळीकडे हाताचे बारीक टाके.

"मावशी, मशीनवर ठरलं होतं ना?"

"कापड लई विरलंय, ताई. मशीनच्या सुईखाली फाटाय लागलं. आईचं हाय म्हणाला होता, मग हातानंच शिवली."

मी घाईघाईनं पाचशेच्या पाच नोटा पुढे केल्या. त्यांनी दोनच घेतल्या आणि चारशे परत दिले. "ठरलं तेवढंच," म्हणाल्या. त्यांच्या बोटांची टोकं सुई टोचून टोचून काळी पडली होती.

घरी येताना रिक्षात ती गोधडी मांडीवर जड वाटत होती. कामाचं मोल आपण काम होण्याआधीच ठरवून टाकतो. ते केवढं होतं हे नंतर कळतं, आणि तेव्हा द्यायचं म्हटलं तरी घेणारं कुणी नसतं.

आजारपणात आई दुपारी म्हणायची, "जरा बस ना जवळ."

"पाचच मिनिटं हं, आई," मी म्हणायचे.

तिनं एकदाही दहा मागितली नाहीत.