धाकूचे बसायचे दगड

"तुझा पोरगा आळशी हाय, बायजा! एक कळशी आणताना तीनदा बसतो. उद्या बायकोच्या जिवावर जगंल, बघ!"

"तुझ्या डोक्यावर बसतो का? बूड माझ्या पोराचं, दगड वाटेवरचा. तुला कुठं टोचतंय?"

ही माझी आई सखुबाई आणि माझी काकी बायजाबाई. दोघी जावा. मी सोळा वर्षांची, पडवीत सुकट निवडत होते, पण कान विहिरीवर. ज्याच्यावरून भांडण पेटलं तो धाकू, काकीचा मुलगा, तेव्हा आठ वर्षांचा. कळशी बाजूला ठेवून तो खरंच बसला होता आणि दोघींकडे असा बघत होता, की भांडण शेजारच्या गावातलं असावं.

पुढे दोघी जावा देवाघरी गेल्या. 'आळशी' मात्र धाकूपाशी राहिला.

मोठा झाल्यावर धाकू तात्यांच्या सुपारीच्या वाडीत शिंपण्याला लागला. तात्या राहतात अलिबागला, वाडी इथे दिवेआगरात, म्हणून सगळं धाकूच्या हवाली. पंप लावायचा, पाटाचं पाणी एका झाडाच्या आळ्यातून दुसऱ्या आळ्यात वळवायचं, जिथे नको तिथे चिखलाचा बांध घालायचा. संध्याकाळी पंपाच्या खोलीची चावी माझ्या पडवीतल्या खुंटीला अडकवायची. माझं सासर गावातच, वाडीच्या वाटेवर. त्या वाटेवर त्याने बसायला दगड टाकून ठेवले होते. एक विहिरीशी, एक उंडीच्या झाडाखाली. तिसरी माझी पायरी, ती आयतीच होती.

दुसरे गडी पाणी पळवत नेत. धाकू प्रत्येक आळ्याशी बसे. तो बसला की पाणी मुरे, आणि झाड खूश. तात्या म्हणायचे, "धाकूच्या हाताला गुण आहे." मी म्हणायचे, "हाताला न्हाय हो, बुडाला."

मोठं वादळ आलं त्या साली निम्मी वाडी आडवी झाली. नवी रोपं लावता लावता धाकूची धाप वाढली. संध्याकाळी पाय सुजायला लागले. साठीला आला तेव्हा तर पायरीवर टेकला की पाच मिनिटं बोलत नसे. मी काय म्हणावं? "वय झालं रे. आणि आळस काय, लहानपणापासनंच!" आईचीच लेक मी.

माझी नात भावना म्हसळ्याला दवाखान्यात नर्स आहे. सुट्टीला आली होती. तिने पायरीवरच्या धाकूच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिली.

"आजोबा, आत जास्तीचा आवाज येतोय."

"नलू बोलत असंल," धाकू म्हणाला. नलू त्याची बायको. ती तिथेच उभी होती.

भावना हसली नाही. आठवड्याच्या आत आम्ही त्याला अलिबागला नेऊन छातीची इको तपासणी केली. तिथली डॉक्टरीण पोरसवदा, पण समजावून सांगायची हौस मोठी. तिने कागदावर हृदय काढलं. चार खोल्या, दोन वर, दोन खाली. उजवीकडच्या वापरलेलं रक्त घेतात आणि फुप्फुसात पाठवतात. ते तिथून ताजं होऊन डावीकडे येतं, आणि डावी बाजू ते डोक्यापासून अंगठ्यापर्यंत ढकलते.

"पोटातल्या बाळाला श्वास कुठला?" ती म्हणाली. "त्याला सगळं आईकडून नाळेतून मिळतं. म्हणून वरच्या दोन खोल्यांच्या पडद्याला एक वाट असते. रक्त फुप्फुसाला वळसा घालून त्या वाटेने पलीकडे जातं. बाळ जन्मलं, रडलं, की फुप्फुसं उघडतात आणि ती वाट मिटते. काकांचा पडदाच तोकडा राहिला, तिथे भोक उरलं. ताजं झालेलं रक्त थोडं थोडं परत उजवीकडे गळतं आणि पुन्हा फुप्फुसात जातं."

म्हणजे धुतलेले कपडे परत भट्टीला. साठ वर्षं!

"छत्रीसारखं एक झाकण असतं. मांडीच्या शिरेतून नेऊन आत बसवतात. छाती फाडावी लागत नाही."

धाकू कागदाकडे बघत होता. "बाई, जुना गळका बांध मी असा येकदम बुजवत न्हाय. आधी फुडचा पाट बघतो. तो गाळानं दाटला आसंल, तर पाणी त्याच गळतीतनं वाट काढत आसतं. ती बुजवली की बांधच फुटतो."

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. "काका, माझी खरी काळजी तीच आहे. इतकी वर्षं जास्तीचं रक्त गेल्याने फुप्फुसाच्या नळ्या कडक झाल्या असतील आणि तिथला दाब चढला असेल, तर भोक बंद करता येणार नाही. मुंबईला आधी दाब मोजतील. बेताचा निघाला तरच छत्री."

"आणि न्हाय निघाला तर?" नलूने विचारलं.

"मग गोळ्या. आणि काम बंद."

मांडव्याहून बोटीने मुंबईला गेलो. सकाळी धाकूला आत नेलं. मी आणि नलू बाहेर बाकावर. नलू पदराचं टोक पिळत होती.

"आक्का, मीपण ह्यांना आळशी म्हनलंय."

"तू एकटीच का? अख्ख्या गावानं म्हटलंय. मी तर माहेरच्या हक्कानं."

ती हसली आणि मग रडली. मी तिला पाव दिला. तिने तो हातातच धरून ठेवला.

दीड तासाने डॉक्टर बाहेर आले. दाब थोडा वर होता, पण बेतात होता. छत्री बसली. नलूने तिथेच भुईवर बैठक मारली आणि पाव खाल्ला, सगळा.

आम्हाला आत सोडलं तेव्हा धाकू उताणा पडला होता, पाय हलवायची बंदी. मला बघून म्हणाला, "आक्का, मी आळशी न्हवतो गो."

"न्हाय रे."

"सखूकाकी आज पायजे व्हती."

"मी चाललेच आहे दोन-चार वर्षांत. सांगेन तिला. तुझी आई शेजारी आसंल, तीपण ऐकंल."

"भांडतील परत."

"भांडू दे. त्यांचा येळ तरी जाईल."

जड उचलायला डॉक्टरांनी दोन महिने मना केलं होतं. ते संपले तसा धाकू वाडीत गेला. त्या संध्याकाळी मी सुपारी सोलायचं सोडून पडवीत उभी राहिले. पाटाच्या तोंडाला त्याने बांध घातला, पंप बंद केला, कुलूप लावलं. विहिरीशी आला. दगडाकडे बघितलंही नाही. उंडीखालच्या दगडाला पायाने जरासं सरळ केलं आणि पुढे निघाला. पायरीपाशी आला तेव्हा श्वास जागेवर होता.

चावी खुंटीला अडकवली. आणि बसला.

"का रे? आता कशाला बसतोस?"

"च्या ठेव."

मी ठेवला. त्याने बशीत ओतून तो फुंकत प्यायला, बशी पायरीवर उपडी घातली आणि घरी गेला.