कडूचं जेवण झालंय

लिही पिंके, कडूचं लिही. माझी धाकटी जाऊ हाय म्हणून सांगत न्हाई, पर तसलं माणूस सगळ्या ताडकळसात दुसरं न्हाई. तिच्या आदीची लेकरं जगली न्हाईत म्हणून आईनं हिचं नावच कडू ठेवलं. कडू म्हणलं की कुणी उचलून नेत न्हाई. आन् निघाली कशी? गुळाचा खडा. हसू नको, लिही.

तू तिला इंग्रजी शिकवलीस ते सांगते. तुला ठावं हाय गं, पर वाचणाराला कुठं ठावं हाय?

कडूची लेक माधवी बंगळूरला कंपनीत हाय. जावई तमिळ. लय गुणाचा माणूस, पर त्याला मराठी येत न्हाई, आन् माधवीला त्याची भाषा धड येत न्हाई. मंग घरात सगळी इंग्रजीच. त्यांची पोरगी निकिता, तिला मराठीचा एक शबूद कळंना. मागल्या उन्हाळ्यात आली हुती. कडू काय बी बोलली की पोरगी आईच्या तोंडाकडं बघायची. शेवटाला मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसली आन् घरी जायचं म्हणून रडली. सुट्टी अर्धी टाकून माधवी तिला घेऊन गेली. इस्टीच्या थांब्यावरून येताना कडू मला म्हणली, "आक्का, नात माझी, आन् मीच तिला परकी वाटायले."

तवा तिनं मनात धरलं, की पुढच्या सुट्टीत पोरगी रडत जायला नको.

आमी वट्यावर तूर निवडत हुतो, तू बी शाळेतून येऊन बसली हुतीस. तू म्हणलीस, "कडूआजी, पैलं शिक, माय नेम इज कडूबाई."

"माझं नाव तिला ठावं हाय की. जेवलीस का, ते कसं इचारायचं ते सांग."

"हॅव यू इटन?"

"त्यात ते हॅव कामून आलं?"

तू मोठ्या मास्तरणीवाणी सांगितलंस, "कवा जेवली, काय जेवली, ते इचारायचं न्हाई. जेवण झालंय का आन् आत्ता पोट भरलेलं हाय का, तेवढंच. त्याला हॅव लावायचं."

कडू म्हणली, "म्हंजे माझ्या कामाचंच हाय की. मला तेवढंच तर इचारायचंय."

मंग काय, बाईला हॅवचं येडच लागलं. सडा झाला की "आय हॅव सडा." धुणं झालं की "आय हॅव धुणं." तू चिडायचीस, "आजी, फुडं इंग्रजी शबूद लागतंय!" ती म्हणायची, "काम झालंय न्हवं? मंग हॅव आलं. बाकीचं तू बघ." शेळीफुडं पाला टाकून बी "हॅव यू इटन?" कडूचे मालक, आमचे दत्तराव भावजी, बाजेवरून म्हणले, "शेळीला तरी मराठीत इचार. तिची नात काय बंगळूरला न्हाई."

उन्हाळा आला, माधवी पोरीला घेऊन आली. जावई मागून येणार हुता. कडूनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाय धुतले आन् पोरीफुडं बसून म्हणली, "हॅव यू इटन?"

पोरीचे डोळे असे मोठे झाले! पळत येऊन गळ्यातच पडली आन् जी बोलत सुटली, जी बोलत सुटली! कडूला काय बी कळंना, पर बाई नुसती मान हालवायली आन् मधीच "येस, येस" करायली. म्या म्हणलं, "काय म्हणली गं?" तर मला म्हणती, "आमचं चाललंय, तुमी नका मधी पडू."

लय गट्टी जमली. पोरगी शेळीमागं, चुलीफुडं, सारखी कडूच्या पदराला. जेवून उठली की ती बी इचारायची, "आजी, हॅव यू इटन?" कडू लगेच, "येस, आय हॅव इटन." पोरगी खूश, आपली खेळायला.

एक दिवस दुपारी गंगाखेडचे पाव्हणे न सांगता आले. भाकरी झाल्या, वरण झालं, सगळं संपलं. पोरीनं इचारलं, कडू म्हणली, "आय हॅव इटन." आन् थोड्या येळानं पोरगी पाणी प्यायला आत गेली तर कडू चुलीमागं बसून शिळा तुकडा मिरचीच्या ठेच्यासंगं खायली.

पोरगी दारातच थांबली. कायतरी बोलली. तू सांगितलंस, "आजी, ती म्हणती, तू माझ्यासंगं खोटं बोललीस. रोजच बोलत असशील."

कडू म्हणली, "अगं, खोटं कुठं? तसं म्हणावंच लागतंय."

आता हे त्या लेकराला कसं सांगावं? कापूस येचायला जायचो तवा दुपारी बांधावर सगळ्या फडकी सोडायच्या. ज्या दिवशी कडूच्या फडक्यात भाकर नसायची, त्या दिवशी ती लांब बसून म्हणायची, "मी घरूनच खाऊन आले." आमी काय येड्या हुतो? आमी म्हणायचो, "घे गं एक घास." ती न्हाई म्हणायची. आमी परत म्हणायचो. मंग कुठं हात फुडं यायचा. म्हणणारीला बी ठावं, ऐकणारीला बी ठावं. पर त्या लेकराला कोण शिकवणार? त्याला झालंय म्हणलं, म्हंजे झालं.

पोरगी परत मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसली. कडूकडं बघंना. सांजच्याला आईला म्हणली, घरी जायचं.

कडूचं तोंड एवढंसं झालं. तुला म्हणली, "पिंके, जेवले न्हाई, ते कसं म्हणायचं?"

"आय हॅव नॉट इटन."

म्हणून बघितलं, तर अर्ध्यातच थांबायली. म्या म्हणलं, "एवढं इंग्रजी बोललीस, आन् ह्यालाच काय झालं?"

"इंग्रजीचं न्हाई हो आक्का. मराठीत तरी कुठं म्हणलंय मी कवा?"

आन् खरंच. इतक्या वर्सात मी बी तिच्या तोंडून ऐकलं न्हवतं.

रातच्याला पंगत बसली. जावई दुपारीच आला हुता, भावजी, माधवी, पोरगी, सगळी बसली. पोरीनं खाली मान घातली, आज काय इचारलं न्हाई. कडूच्या हातात भाकरीची टोपली. जावयाफुडं, नवऱ्याफुडं, उभ्या उभ्या म्हणली, "निकिता. आय हॅव नॉट इटन."

भावजींचा घास हातातच राहिला.

पोरगी बाजूला सरकली आन् सतरंजीवर हात थापटला, हितं बस म्हणून. कडू तशीच उभी. मंग माधवी उठली, आईच्या हातातली टोपली घेऊन माझ्याकडं दिली आन् आईला धरून बसवलं. कडूनं पैला घास खाल्ला, गरम भाकरीचा. पोरगी तिच्या ताटाकडं बघायली, खाती का न्हाई म्हणून.

मी वाढायले. झालं सगळं, आता ह्यांचं झालं की आपण बसू म्हणलं. तर ती पोरगी माझ्याकडं वळून कशी म्हणती, "हॅव यू इटन?"

म्या हात झटकून म्हणलं, "झालंय, झालंय!"

तिनं कडूकडं बघितलं. आन् कडू, माझी जाऊ, तोंडात घास घेऊन मान हालवून म्हणती, "नो."

मंग मला बी बसावंच लागलं, आन् भाकर भाजून वाढलंस तू. भाकर जरा जळली हुती पिंके, ते बी लिही.