विमान परत येईपर्यंत

शिलाई मशीनला तेल देण्याआधी मी ते रॉकेलच्या बोळ्याने पुसून घेते. रॉकेल आता सहज मिळत नाही. माळ्यावरच्या एका बाटलीत थोडं उरलं आहे, ते मी अत्तरासारखं पुरवून वापरते. आज सकाळी बाटलीचं बूच काढलं, वास सगळ्या खोलीत पसरला आणि क्षणभर वाटलं, भाऊजी आले. आता दारात चपला काढतील, ओळीने लावतील आणि म्हणतील, "वैनी, चहा टाका."

भाऊजी म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, तुमच्या आईचे काका. तुम्ही दोघांनी त्यांना पाहिलेलं नाही. पण गेल्या रविवारी फोनवर तुमचं जे भांडण चाललं होतं, ते त्यांनी ऐकलं असतं तर खुर्ची पुढे ओढून बसले असते. थोरल्याचं म्हणणं, तुमच्या खेळातलं लढाऊ विमान वळतं तसं खरं विमान वळूच शकत नाही. धाकटीचं म्हणणं, वळतं. मी मध्ये काही बोलणार, तेवढ्यात तिने थोरल्याला सांगितलं, "आजीला कशाला विचारतोस, तिला काय माहीत?" मी हसले. बाळांनो, आजीला त्यातलं बरंच माहीत आहे. नको तितकं माहीत आहे, म्हणून आज लिहायला बसले.

भाऊजी हवाई दलात वीस वर्षं इंजिनाचे मेकॅनिक होते. निवृत्त होऊन आपल्या गावी, बोरीला परतले, वाटणीच्या शेतात कांदा आणि ऊस लावू लागले, आणि उरलेल्या वेळात गावातले ट्रॅक्टर आणि पाण्याची इंजिनं दुरुस्त करू लागले. हात रॉकेलने धुवायची सवय तिथलीच. साबणाने कितीही धुतले तरी तो वास त्यांच्या बोटांना राहायचा, आणि ते अभिमानाने सांगायचे की एवढी मोठी विमानं उडतात तीही एका जातीच्या रॉकेलवरच. बोरीहून आमच्या नारायणगावला येणाऱ्या जीपमध्ये त्यांना सगळे 'पायलट' म्हणत. "या पायलट, इमान कुठं लावलं?" असं जीपवाला विचारायचा आणि आतली चौदा-पंधरा माणसं हसायची. सुरुवातीला त्यांनी सांगून पाहिलं, "आमी खाली असायचो, वर न्हाई." मग सांगणं सोडून दिलं. लोकांना आकाशात जाणारा माणूसच हवा असतो, खालचा माणूस गोष्टीत बसत नाही.

आमच्याकडे कॉम्प्युटर आला तो तुमच्या आईच्या बारावीच्या वर्षी, दिवाळीत. नारायणगावात तेव्हा टोमॅटोचा हंगाम जोरात होता. रस्त्यावर क्रेटांनी भरलेल्या पिकअप गाड्यांची रांग, दुभाजकाच्या कडेला फुटलेल्या टोमॅटोंचा आंबट वास, आणि त्यातून दुकानदाराने दोन खोकी स्कूटरवर बांधून आणली. सोबत लढाऊ विमानाच्या खेळाची एक सीडी आणि तिची इंग्रजी पुस्तिका, झेरॉक्स काढून स्पायरल घातलेली, जाडीला माझ्या शब्दकोशाएवढी. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, तेव्हा पुस्तिका वाचून दाखवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. आणि छापलेलं इंग्रजी मला येतं म्हणून पंचाचं कामही.

बाजाराच्या दिवशी भाऊजी यायचे. पिशवीतून भाजी काढून ओट्यावर ठेवायचे आणि थेट कॉम्प्युटरच्या मागे जाऊन बसायचे. वीज असली तर खेळ, नसली तर नुसता वाद. तुमची आई विमानाच्या पोटाखाली बॉम्ब, पंखाखाली क्षेपणास्त्रं लावून, पूर्ण वेगात ते असं आवळून वळवायची की पडदाच आडवा व्हायचा.

"हे खोटं हाय," भाऊजी म्हणायचे.

"काका, समोर दिसतंय की."

"दिसू दे. रिकामी ट्रॉली कालव्याच्या वळणावर कशी वळती आन् भरलेली कशी वळती, बघितलंय ना? भरलेली तशी आवळलीस तर उसासकट कालव्यात. इमानाला बी वजन असतं. पंख पिरगळत्याल. आन् आत बसलेला माणूस? नऊ माणसं त्याच्या छातीवर बसल्यागत व्हतं. डोळ्याम्होरं अंधार येतो त्याच्या."

"माझ्या पायलटला नाही येत."

"लई चांगला हाय मग. लगीन ठरवा त्याचं."

असं चालायचं. आफ्टरबर्नर हा त्यांचा दुसरा मुद्दा. इंजिनाच्या मागे जादा इंधन पेटवून वेग वाढवायची ती सोय. तुमची आई तो पेटवायची आणि अर्धा-अर्धा तास तसाच ठेवायची. भाऊजी घड्याळ बघायचे. "दहा मिनिटांत टाकी कोरडी पडंल, पोरी. तुझं इमान काय पाण्यावर चालतंय?" ते मला म्हणायचे, "वैनी, बघा बरं बुकात."

आता माझ्या चुकीकडे येते.

मला सगळं जागच्या जागी लागतं, हे तुम्ही सुट्टीत अनुभवलं आहेच. बारावीचं वर्ष, म्हणून खेळाला मी रोज एक तास नेमून दिला होता. पण तासात विमान पडलं की "आई, एकदाच अजून" सुरू व्हायचं, आणि ते दहा-दहा मिनिटांनी पडायचं. हे वाद सुरू होण्याआधीच एका दुपारी ती क्लासला गेली असताना मी पुस्तिका उघडून बसले. वास्तवता किती हवी, हे ठरवायचं एक पान खेळातच होतं. इंधन संपावं की संपू नये, जादा ताणाने विमान मोडावं की मोडू नये, वैमानिकाला अंधारी यावी की येऊ नये. मी एकेक करून सगळ्या संकटांवर फुली मारली. विमान पडणार नाही, तर पोर तासाच्या ठोक्याला उठेल, इतका सरळ हिशेब. परीक्षेनंतर पूर्ववत करायचं म्हणून काय काय बदललं ते एका चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी पुस्तिकेत ठेवली. युक्ती लागू पडली. पोर वेळेवर उठू लागली. मी समाधानाने इतर कामांना लागले आणि तो बदल आणि तो वाद यांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला विमानाचं इंग्रजी कळत होतं, विमान कळत नव्हतं.

डिसेंबरातल्या त्या बाजाराच्या दिवशी वाद नेहमीपेक्षा तापला. तुमच्या आईची पूर्वपरीक्षा जवळ आली होती, तिचा आवाज चढलेला. भाऊजींनी पुन्हा म्हटलं, "वैनी, बघा बुकात." मी पुस्तिका उघडली, आणि चिठ्ठीच समोर आली. माझ्याच नीटस अक्षरात : इंधन, ताण, अंधारी. त्या क्षणी सगळं कळलं. भाऊजी शब्दन् शब्द खरं बोलत होते. आणि मी पुस्तिका मिटली. म्हणाले, "इथे तसं काही दिसत नाही."

एवढंच बोलले. पोर चिडेल, परीक्षा बिघडेल, असं तेव्हा मनाशी म्हटलं. पण खरं कारण हे की आयुष्यभर इतरांच्या वह्यांवर लाल खुणा करणाऱ्या बाईला आपल्या वहीवरची खूण दाखवता येईना.

तुमच्या आईला जोर चढला. "बघा. पुस्तकात पण नाही. काका, तुम्ही नट आवळले. उडवलंय का कधी?"

जीपमधली माणसं हेच विचारायची आणि भाऊजी हसून सोडून द्यायचे. या वेळी ते हसले नाहीत. चहा संपवला, कपबशी स्वतः विसळून पालथी घातली, चपला घातल्या. "निघतो वैनी," म्हणाले. पुढच्या बाजारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. भाजीची पिशवी मात्र यायची, जीपवाल्याच्या हाती. त्या पिशवीतली मेथी निवडताना मला आमच्या घराची खरी लाज वाटली. एका माणसाकडे वीस वर्षांची एकच मिळकत होती, त्याचा शब्द; आणि तो त्याच्या स्वतःच्याच माणसांच्या घरात खोटा ठरला होता, माझ्यामुळे.

चौथ्या बाजाराच्या दिवशी मी चिठ्ठी तुमच्या आईपुढे ठेवली. तिने वाचली. मला वाटलं, ओरडेल. ती म्हणाली, "म्हणजे काका सगळं बरोबर सांगत होते. आणि तुला माहीत होतं." पुढे म्हणाली, "चल."

बोरीला पोचलो तेव्हा भाऊजी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरखाली पाय बाहेर काढून पडले होते. बाजूला जमिनीवर ताडपत्रीचा तुकडा अंथरलेला, त्यावर प्रत्येक पान्याची आणि पकडीची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली, आणि त्या त्या आकृतीवर तो तो पाना. माझ्या स्वयंपाकघरातही इतकी शिस्त नव्हती. मी चिठ्ठीचं सगळं सांगितलं, ट्रॅक्टरच्या चाकाशी उभी राहून, त्यांच्या पायांकडे बघत. त्यांचं तोंड दिसत नव्हतं हे बरंच झालं. मग खालून आवाज आला, "उभी काय ऱ्हायलीस गं? चौदाचा पाना दे."

तुमच्या आईने पाना दिला. मग दुसरा दिला, पहिला घेतला. तासाभराने काम झालं, भाऊजी बाहेर आले, हात पुसले आणि ताडपत्रीकडे पाहिलं. एक आकृती रिकामी होती.

"चौदाचा कुठाय?"

ट्रॅक्टरवाला उसाच्या घाईत होता. "ऱ्हाऊ द्या की पायलट, एक पाना गेला तर गेला. चालू तर करू."

"न्हाई. पाना सापडल्याबगर चावी फिरणार न्हाई."

"लई करताय राव."

भाऊजींनी चावी काढून खिशात टाकली. आम्ही सगळे शोधू लागलो. मी गवत चाळलं, ट्रॅक्टरवाला कुरकुरत चाकांमागे बघत होता. शेवटी पाना तुमच्या आईलाच सापडला. इंजिनाच्या पंख्याच्या पात्याशेजारच्या पट्टीवर तिनेच तो टेकवून ठेवला होता. इंजिन चालू झालं असतं तर पात्याने तो गोळीसारखा भिरकावला असता. ट्रॅक्टरवाला पुढे वाकून उभा होता, त्याच्या तोंडापासून हातभर अंतर. तो मुकाट्याने दोन पावलं मागे सरला.

भाऊजींनी पाना रॉकेलने पुसला आणि त्याच्या आकृतीवर ठेवला. रागावले नाहीत. बांधावर बसून, जणू ट्रॅक्टरलाच सांगत असल्यासारखे म्हणाले, "तिथं बी असंच. हत्यारं मोजल्याबगर इमान सोडत नसायचो. मग सही. मग ते जायाचं, आन् आमी तिथंच उभं. परत आलं की हात लावून बघायचं. एकदा न्हाई आलं. पक्षी धडकला व्हता, नंतर कळलं. पर मी त्या दिवशी पेटी उघडून तीनदा मोजली. सगळी हत्यारं व्हती. तरी मोजत व्हतो."

तुमची आई त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "काका, चुकले," म्हणाली. ते म्हणाले, "घरी चल, काकू भाकरी टाकतीय." क्षमा इतक्या शब्दांतच झाली, आणि मलाही त्याच भाकरीत मिळाली.

परीक्षा झाल्यावर मी चिठ्ठी बघून सगळ्या फुल्या काढल्या. तुमच्या आईचं विमान मग कित्येक आठवडे धावपट्टीच्या पलीकडे गेलं नाही. पडलं की भाऊजी मागून म्हणायचे, "आता खरं हाय." पुढे तिला जमलं. निम्मे बॉम्ब खाली ठेवून, आफ्टरबर्नर मोजून वापरत, एक दिवस ती गेली, परत आली आणि थोडं इंधन राखून उतरली. भाऊजींनी चहाचा कप खाली ठेवला, पुढे झाले आणि पडद्यावरच्या विमानाला हात लावला. गरम आहे का बघायला.

तेव्हा धाकटे बाई, थोरला बरोबर आहे. तरी वाद मिटवण्याआधी त्या खेळातलं ते पान उघडून बघा. कुणीतरी प्रेमापोटी फुल्या मारून ठेवल्या असतील.

भाऊजींची हत्यारं त्यांच्यामागे गावातल्या कामकरी हातांत गेली, त्यांनी तसंच सांगितलं होतं. ताडपत्री मी मागून घेतली. तिच्या एका कोपऱ्यात माझ्या मशीनची हत्यारं मावतात : कात्री, पेचकस, तेलाची बुधली. त्यांच्या आकृत्या मी स्वतः काढल्या आहेत. बाकीची जागा पान्यांचीच आहे, तिच्यावर मी काही ठेवत नाही. तुम्ही सुट्टी संपवून विमानाने परत निघता, त्या दिवशी मी मुद्दाम शिवण काढते. कात्री, पेचकस, बुधली, सगळं बाहेर असतं. तुमचा "आजी, उतरलो" असा फोन आला की एकेक उचलते, आपापल्या आकृतीवर ठेवते, आणि मगच ताडपत्री गुंडाळते.