वावरात पुरलेला ब्लॉक

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या आठवड्यात जळगावला आमच्या लॅबच्या काउंटरवर मी एका सत्तरीच्या माणसावर अशी काही चिडले, की बाहेर बसलेले पेशंटसुद्धा मान वळवून बघायला लागले... आज ते सांगतेय, कारण चूक माझी होती.

आधी माझं काम सांगते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा आमच्याकडे येतो. तो आम्ही मेणात बसवतो, काड्यापेटीहून लहान ठोकळा होतो, त्याला ब्लॉक म्हणायचं. त्याचे केसाहून पातळ काप काढून काचेवर घ्यायचे, मग ते डॉक्टर मायक्रोस्कोपखाली बघतात. बावीस वर्षं हेच करतेय. हात माझा थरथरत नाही आणि तोंड काही थांबत नाही, असं लॅबमध्ये सगळे म्हणतात. खरंच आहे ते.

तर हे नाना पाचोऱ्याजवळच्या एका खेड्यातले. त्यांच्या बायकोचं, म्हणजे अक्कांचं, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालेलं. आता लिव्हरमध्ये पुन्हा डाग दिसले होते...

औषध ठरवायच्या आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना एक तपासणी हवी होती. गाठीतली चार प्रोटीन जागेवर आहेत की नाहीत, एवढंच बघायचं. त्यातलं एखादं गायब असेल तर इम्युनोथेरपी चांगली लागू पडायची शक्यता असते, म्हणजे आपल्याच शरीराची ताकद गाठीच्या मागे लावून द्यायची. सगळी असतील तर मग केमो, आणि अक्कांची तब्येत केमो झेपण्यासारखी राहिली नव्हती.

तपासणीला गाठीचा तुकडा लागतो. अक्कांना हृदयाचा त्रास, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, लिव्हरमध्ये नवी सुई घालणं जोखमीचं. सगळी भिस्त जुन्या ब्लॉकवर... आणि तो आमच्याकडे नव्हता. ऑपरेशननंतर सेकंड ओपिनियनसाठी मीच तो नानांच्या हातात दिला होता, रजिस्टरला त्यांची सही होती.

"नाना, ब्लॉक आणला का?" मी विचारलं.

नाना टोपी हातात घेऊन उभे. "घरमा नही शे, ताई. वावरमा गाडी दिन्हा."

शेतात पुरला म्हणे. माझं डोकंच सणकलं. "अहो, जपून ठेवा म्हणून बजावलं होतं ना मी? ती काय पुरायची वस्तू आहे?" आणखीही बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "ताई, तुम्हीच सांगितलं होतं, यात अक्काची गाठ आहे म्हणून..."

खरंच, तेवढंच सांगितलं होतं मी. गाठ आहे, जपून ठेवा, पुढचा पेशंट या. नानांनी घरी तो एका डब्यात जपून ठेवला, आणि अक्कांनी विचारलं, या डब्यात काय आहे? नाना खोटं बोलणारे नव्हेत. एवढं पोट फाडून काढलेली गाठ परत घरात येऊन बसली, या विचारानं अक्कांचं जेवणच सुटलं. तिसऱ्या दिवशी नानांनी तो डबा विहिरीजवळच्या लिंबाखाली पुरला आणि वर दगड ठेवला.

"नाना, तो डबा उकरून आणाल का?" एवढंच बोलून मी थांबले. माझ्या बाबतीत हे फार कमी वेळा होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं नाना आले, हातात टॉवेलमध्ये बांधलेला स्टीलचा डबा. झाकण गच्च बसलेलं, वरून मातीचा थर. आत प्लास्टिकची पिशवी, तिच्यात ब्लॉक... आणि त्यावर माझ्याच अक्षरात नंबर. आम्ही पेन्सिलीनंच लिहितो, केमिकलमध्ये शाई धुऊन जाते. तो नंबर जसाच्या तसा होता.

मेणही शाबूत होतं. नानांचं घर पत्र्याचं आहे. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको... माळ्यावर दोन उन्हाळे काढले असते तर मेणाचं काय झालं असतं, मला विचारही करवत नाही. विहिरीजवळच्या गार मातीनं तो ब्लॉक सांभाळला होता. "नाना, पुरलात तेच बरं झालं," मी म्हटलं. ते हसले नाहीत, टॉवेलनं डोळे पुसले.

ब्लॉक बर्फावर ठेवला आणि कापायला मीच बसले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आत तुकडा थोडाच उरला होता. पहिले दोन काप फाटले. तिसरा सरळ आला, मग चौथा, पाचवा... येणारच होते, माझ्या हातावर माझा भरवसा आहे.

रिपोर्ट आला. चारांतली दोन प्रोटीन गायब. कॅन्सरचा रिपोर्ट वाचून मी इतकी खूष कधीच झाले नव्हते. इम्युनोथेरपी सुरू झाली.

तेव्हापासून ब्लॉक नेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी खुर्ची देते. सांगते, हा मेणात बसवलेला तुकडा आहे, यातून कुणाला काही होत नाही, आणि उद्या औषध ठरवायला कदाचित हाच लागेल. दोन मिनिटं जातात. बावीस वर्षांत ती दोन मिनिटं मी कुणाला दिली नव्हती, याची लाज वाटते.

आणि परवा, सोमवारी, अक्का स्वतः आल्या. नव्या स्कॅनमध्ये लिव्हरचे डाग बारीक झालेत. पूर्ण बरं झालं असं कुणी म्हणत नाहीये, पण औषध लागू पडतंय. त्यांना म्हणे तो ब्लॉक बघायचा होता.

मी त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उलटापालटा करून बघितला. "इतलासा शे का?" एवढंच म्हणाल्या.

मग विचारलं, हा ठेवता कुठे? मी ड्रॉवर उघडून दाखवला. अक्कांनी स्वतःच्या हातानं तो नंबराच्या जागी ठेवला, ड्रॉवर आत ढकलला, आणि नानांना म्हणाल्या, चला, भूक लागली.