दोरीवरचा तिसरा दिवस

माधवराव निसळ गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्यांचीच नक्कल करत होतो. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दुपारचा चहा चालला होता आणि नव्याने लागलेल्या दोन प्राध्यापकांना मी रिकाम्या सभागृहाचा किस्सा ऐकवत होतो. चष्मा नाकाच्या टोकावर आणायचा, मान तिरकी करायची आणि ओस खुर्च्यांकडे बघत "उपस्थित विद्वज्जनहो" म्हणायचं... माझा हमखास हशा घेणारा प्रयोग होता तो. तेवढ्यात ऑफिसचा शिपाई दारात आला. म्हणाला, "निसळ सर गेले, सर. घरीच. व्हरांड्यात बसले हुते म्हनं." चष्मा माझ्या नाकाच्या टोकावरच राहिला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे. ती पाळायला माझी ना नाही, पण मी अजून जिवंत आहे, तेव्हा माझ्याबद्दल ती पाळायचं कारण नाही.

निसळ सर गोड माणूस नव्हते. नगरच्या आमच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत, मी पदार्थविज्ञान. मी नवा असताना माझा पहिला निबंध मोठ्या कौतुकाने त्यांना वाचायला दिला, तर चार माणसांत म्हणाले, "पाठक, दळण चांगलं घातलंयस. पीठ कुठंय?" सगळे हसले, मीही हसलो. पण ते वाक्य मी जपून ठेवलं, आणि आमच्या विज्ञान परिषदेचं राष्ट्रीय अधिवेशन नगरला भरायचं ठरलं तेव्हा ते माझ्या उपयोगी पडलं. स्थानिक चिटणीस मी होतो. कार्यक्रमाची आखणी निसळ सरांकडे होती.

आखणीची त्यांची पद्धत न्यारी. प्रत्येक निबंधाचा सारांश एका चिठ्ठीवर उतरवायचा आणि घरच्या व्हरांड्यातल्या कपड्यांच्या दोरीवर चिमट्याने लटकवायचा. मग येता-जाता चिठ्ठ्या सरकवत राहायचं. परिषदेचा रिवाज असा, की प्रत्येक शाखेची खोली वेगळी, दहा मिनिटं वाचन, मग घंटा. दगडांचा अभ्यास करणारा झाडांच्या अभ्यासकाला भेटणार तो जेवणाच्या रांगेत. सरांना तेच मोडायचं होतं. पहिले दोन दिवस घ्या तुमच्या खोल्या, म्हणाले, तिसऱ्या दिवशी सगळ्या खोल्यांना कुलूप. सगळ्यांनी एका सभागृहात बसायचं आणि एकाच प्रश्नाला हात घालायचा, विहिरी का आटतात. खडकाचं कोणी सांगेल, मुळांचं कोणी सांगेल, गाव काय पाणी पितं ते डॉक्टर सांगतील. आणि त्यांच्या शेजारी जामखेडकडचा गेनबा बसेल, विहिरी खोदणारा. दुष्काळाचं पहिलं वर्ष होतं ते. त्यांची अट एकच होती, त्या दिवशी दुसरं काहीही ठेवायचं नाही. मी शब्द दिला. छापील पत्रिकेत तिसऱ्या दिवसाच्या अध्यक्षाची जागा त्यांनी कोरी ठेवायला लावली. "त्या दिवशी सांगेन," म्हणाले. समितीत मी डोळा मारून म्हटलं, स्वतःच बसणार, दुसरं कोण!

अधिवेशनाच्या तोंडावर परिषदेच्या अध्यक्षांचं पत्र आलं. पाहुण्यांना भंडारदरा बघायची इच्छा आहे. मला पहिल्या दिवशी उद्घाटन आटोपतं घेऊन सोय करता आली असती, सहल रद्दही करता आली असती. मी तिसरा दिवस निवडला. का निवडला ते मला तेव्हाही ठाऊक होतं. अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सरांना सांगितलं, तेव्हा ते इतकंच म्हणाले, "ज्यांना थांबायचंय ते थांबतील." सकाळी सात वाजता एसटीच्या दोन मोटारी भरून निघाल्या. पहिल्या मोटारीत ड्रायव्हरशेजारी मी होतो. दुष्काळावर बोलायला आलेली माणसं धरणाच्या भिंतीवर उभी राहून पाण्याचे फोटो काढत होती, आणि मी त्यांना भजी वाटत होतो.

सभागृहात काय झालं ते मी गेली तीन वर्षं स्वतःच्या मनाने रंगवून सांगत आलो. खरं कळलं ते दहाव्याला. सरांच्या अंगणात गेनबा भेटला. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. म्हणाला, "आमी पाच जनं हुतो. मास्तर, मी, शिपाई आन् कालेजातल्या दोन पोरी. मास्तरांनी समदं वाचलं, येक कागुद सोडला न्हाई. मधली खुर्ची तेवढी रिकामी ठिवली. म्हनले, ही अध्यक्षाची हाय, यील तो. बारा वाजंस्तवर दाराकडं बघत हुते..." गेनबाने त्या दिवशी आपली दोरी आणली होती. दर पाडव्याला विहिरीत दोरी सोडून पाणी किती खोल गेलं तिथं तो गाठ मारी आणि गाठीत त्या सालची चिंधी बांधी. सतरा वर्षांच्या सतरा गाठी. आम्ही दोन मोटारी भरून विद्वान, आमच्यापैकी कोणाहीपाशी असला पुरावा नव्हता. "पुढल्या साली दोरी पान्याला लागलीच न्हाई," तो म्हणाला. "मग म्या ती मास्तरांनाच दिऊन टाकली."

अधिवेशनाचा अहवाल मी लिहिला. 'तिसऱ्या दिवसाचे संयुक्त सत्र मोठ्या उत्साहात पार पडले व चर्चा उद्बोधक झाली.' सरांनी तो वाचला. कॉलेजच्या व्हरांड्यात गाठून म्हणाले, "पाठक, छान लिहिलंयस. वाचून मलाही जावंसं वाटलं." त्यानंतर ते स्टाफरूमला चहाला आले नाहीत. परिषदेला मात्र कल्पना इतकी पटली की यंदापासून प्रत्येक अधिवेशनात संयुक्त सत्र ठेवायचं ठरलं, आणि पहिली आखणी अनुभवी माणूस म्हणून माझ्याकडे आली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

म्हणून गेल्या रविवारी मी निसळवहिनींकडे गेलो, चिठ्ठ्या मागायला. लाज कोळून प्यायलो होतो, दुसरं काय. वहिनींनी व्हरांड्याकडे हात केला. गेनबाची दोरी या खांबापासून त्या खांबापर्यंत बांधलेली होती, गाठी आणि चिंध्यांसकट, आणि तिच्यावर तिसरा दिवस जसाच्या तसा लटकत होता. "ही दोरी आली तेव्हा त्यांनीच चिठ्ठ्या तिच्यावर लावल्या. मग कधी काढू दिल्या नाहीत," वहिनी म्हणाल्या. "कपडे मी गच्चीत वाळत घालते. घ्या तुमच्या हातांनी."

मी एकेक चिमटा काढत गेलो. खडक, मुळं, पिण्याचं पाणी, गेनबा. सगळ्यांच्या मधोमध एक चिठ्ठी होती, ऊन लागून पिवळी पडलेली. तिच्यावर सरांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'अध्यक्ष: पाठक. लिहितो वाईट, पण ऐकून घेतो. सगळ्या शाखांना असाच माणूस हवा.'

"ती तुमचीच आहे, न्यायची तर न्या," वहिनी म्हणाल्या.

बाकीच्या मी पिशवीत भरल्या. ती तेवढी दोरीवर ठेवून आलो.