बँकेच्या दारातली बंदूक

ईरा, चिन्मय, तुमच्या तिकडच्या बँकेत बंदूकवाला नसतो म्हणे. आमच्या वर्तकनगरच्या शाखेतलाही पुढच्या महिन्यापासून नसेल. त्याच्या जागी कॅमेरा येणार आहे. म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

मी पेन्शनच्या रांगेत उभी राहिले की तो मला बंदूक शिकवायचा. "आज्जी, ही साधी दुनळी नाय, सेमी-ऑटोमॅटिक आहे. चाप ओढला की बार उडतो. त्याच धक्क्यानं आतला बोल्ट मागं येतो आणि रिकामं काडतूस बाहेर फेकतो. मग स्प्रिंग त्याला पुढं ढकलते, तेव्हा तो जाताजाता नवं काडतूस आत बसवतो. आपण फक्त पुन्हा चाप ओढायचा."

"आणि काडतुसं कुठे आहेत?"

"साहेबांच्या कपाटात."

"किल्ली?"

"साहेबांकडं. साहेब जेवायला गेलेत."

परवा एका दांडगटाने काउंटरवरून हात घालून कॅशियर मुलीचं मनगट पिरगळलं. "आज्जी, जरा धरा," म्हणत बंदूकवाल्याने बंदूक माझ्या हातात दिली, कारण ती मध्ये येत होती. मग त्या माणसाची कॉलर धरून त्याला रस्त्यावर नेऊन सोडलं. तोवर रांगेतले सगळे माझ्यापासून चार हात लांब सरकले होते.

साहेब जेवून आले आणि त्यांनी पहिली चौकशी बंदुकीची केली.

बंदूक शाबूत आहे. कॅशियर मुलगीही तिच्या काउंटरवर आहे, आणि महिनाअखेरपर्यंत तोही दारात आहे.